प्रभागाची सरासरी आणि गल्लीतली विषमता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रभागनिहाय आकड्यांचे रंगीत नकाशे आता बहुतेक सगळ्या दैनिकांत येऊ लागले आहेत. पाणी, शौचालये, साक्षरता, क्षयरोग, विषय कोणताही असो, मुंबईचे सगळे प्रशासकीय विभाग (वॉर्ड) फिकट ते गडद रंगवायचे आणि खाली ‘सर्वांत मागास’ विभागाचे नाव टाकायचे. असे नकाशे छापले जातात हे चांगलेच आहे. पण जनगणना २०२७ चे आकडे येऊ लागले की ते शेकड्याने निघतील, आणि कोणत्या आकाराचा तुकडा धरून नकाशा काढला यावरच त्यात काय दिसणार हे ठरेल. म्हणून हे पत्र लांबले तरी सांभाळून घ्यावे. आमचे म्हणणे असे की शहरातल्या वस्त्यांची जात, धर्म वा आर्थिक स्थितीनुसार झालेली विभागणी आणि त्यांच्यातली विषमता मुख्यतः प्रभागाच्या आत असते. प्रगणन गटाच्या, म्हणजे जनगणनेसाठी पाडलेल्या साधारण दीडशे कुटुंबांच्या तुकड्याच्या, पातळीवरचे आकडे, गटांच्या सीमांसकट, मिळाल्याशिवाय ती मोजता येत नाही. हे आकडे मागायचे तर आत्ताच. तक्ते छापून झाल्यावर मागून काही उपयोग नाही.

मुंबईचा एम पूर्व विभाग घ्या. गोवंडी, शिवाजीनगर, बैंगनवाडी, मानखुर्द, चिता कॅम्प, ट्रॉम्बे एवढा सगळा पट्टा त्यात येतो. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात हा विभाग शहराच्या तळाशी होता, आणि तेव्हापासून ‘मुंबईतला सर्वांत गरीब वॉर्ड’ ही त्याची ओळख पक्की झाली. पण याच विभागात अणुशक्तीनगरही आहे. आखीव रस्ते, शाळा, रुग्णालय, मैदाने असलेली ही नियोजित वसाहत आणि देवनार डम्पिंग ग्राउंडच्या कडेची घरे यांची सरासरी काढली की जो आकडा हाती येतो तो दोन्हीकडच्या कोणालाच लागू पडत नाही. अणुशक्तीनगरमुळे विभागाची साक्षरता वर जाते, शिवाजीनगरमुळे खाली येते, आणि मधल्या कुठल्या तरी आकड्यावर योजना बेतली जाते.

घनतेचे तर याहून वाईट. २०११ साली या विभागाची लोकसंख्या आठ लाखांच्या थोडी वर होती आणि क्षेत्रफळ साधारण ३२ चौरस किलोमीटर. भागाकार केला की चौरस किलोमीटरला पंचवीस हजारांच्या आसपास माणसे येतात. मुंबईच्या मानाने हा आकडा दाट वाटतच नाही. मात्र त्या क्षेत्रफळात भाभा अणुसंशोधन केंद्राचे कुंपणाआडचे विस्तीर्ण आवार आहे, ट्रॉम्बेची टेकडी आहे, खाडीकाठची खारफुटी आहे आणि १९२७ पासून कचरा घेणारे, शंभर हेक्टरांहून मोठे देवनारचे मैदान आहे. तिथे कोणी राहत नाही. माणसे ज्या उरलेल्या जमिनीवर राहतात तिची घनता या आकड्याच्या कितीतरी पट आहे.

यावर उपाय आहे आणि तो अवघडही नाही. आधी विभागाच्या सीमेतून पाणी, खारफुटी, टेकडी, बंदिस्त आवारे आणि कचराभूमी वजा करायची. उरलेल्या भागात उपग्रहचित्रांवरून काढलेले इमारतींचे ठसे, म्हणजे जमिनीवरच्या त्यांच्या बाह्यरेषा, बसवायचे. ओपनस्ट्रीटमॅप किंवा गुगलचे खुले इमारत-ठसे चालतात. मग लोकसंख्या त्या ठशांच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाटायची. यात एक मोठी मेख आहे. ठशाला उंची नसते. चाळीस मजली टॉवर आणि त्याच्या पायथ्याशी असलेल्या पत्र्याच्या खोल्या यांचे तळाचे क्षेत्रफळ सारखे असेल तर दोन्हीकडे सारखीच माणसे पडतात. शिवाय एकमेकांना चिकटलेली पत्र्याची छपरे संगणकाला एकच अवाढव्य इमारत म्हणून दिसतात. म्हणून मजल्यांची माहिती जोडल्याशिवाय ही वाटणी मुंबईत करू नये. ती नसेल तर निदान झोपडपट्टी आणि बहुमजली भाग वेगळे काढून दोन्हींना वेगळे गुणक लावावेत.

एम पूर्वबद्दल आणखी एक आकडा वर्षानुवर्षे फिरतो आहे: तिथले सरासरी मृत्यूवय ३९ वर्षे. बातमीत त्याचे हमखास ‘आयुर्मान ३९’ होते. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मृत्यूचे सरासरी वय हे त्या भागात कोणत्या वयाची किती माणसे राहतात यावरही अवलंबून असते. लहान मुले आणि तरुण जास्त, म्हातारी माणसे कमी अशी वस्ती असेल, तर मृत्युदर शहराइतकाच असला तरी मरणाऱ्यांचे सरासरी वय कमीच भरते. आयुर्मान काढायचे तर प्रत्येक वयोगटाचा मृत्युदर लागतो, आणि त्यासाठी त्या वयोगटाची लोकसंख्या लागते. त्यात पुन्हा मृत्यूची नोंद रुग्णालय जिथे आहे तिथे होते. राहत्या पत्त्यावर ती परत नेऊन बसवली नाही तर ज्या विभागात मोठे रुग्णालय तिथे मृत्यू जास्त असे उफराटे चित्र उमटते. गोवंडीची परिस्थिती वाईट नाही असे आम्ही म्हणत नाही. ती वाईट आहे हे सिद्ध करायला चुकीचा आकडा वापरला की विरोधकाला तो आकडा खोडून मूळ मुद्दाही टाळता येतो, एवढीच काळजी.

आता विभागणी मोजायची कशी ते पाहू. यासाठी सर्वाधिक वापरला जातो तो डिसिमिलॅरिटी इंडेक्स. एखाद्या गटातली एकूण माणसे शंभर धरली तर त्यातली किती या वस्तीत राहतात आणि बाकीच्या समाजातली किती, यांतला फरक प्रत्येक वस्तीसाठी काढायचा, वजा चिन्ह सोडून द्यायचे, सगळ्या फरकांची बेरीज करायची आणि ती निम्मी करायची. उत्तर ० आले तर गट सर्वत्र सारखा पसरलेला आहे, १ आले तर पूर्ण वेगळा.

एक कल्पित उदाहरण घेतो. चार वस्त्या, प्रत्येकी १००० माणसे. ज्या गटाचा विचार करायचा त्याची माणसे पहिल्या वस्तीत ३००, दुसरीत २०, तिसरीत ६०, चौथीत २०, एकूण ४००. बाकीचे ३६०० लोक अनुक्रमे ७००, ९८०, ९४० आणि ९८०. गटाचे वाटे ७५, ५, १५ आणि ५ टक्के, इतरांचे १९.४, २७.२, २६.१ आणि २७.२ टक्के. फरकांची बेरीज १११.१, निम्मे केले की ५५.६, म्हणजे इंडेक्स ०.५६. अर्थ असा की गट समप्रमाणात पसरायचा तर त्यातल्या ५६ टक्के माणसांना, म्हणजे सुमारे २२२ जणांना, वस्ती बदलावी लागेल. आता पहिली व दुसरी वस्ती मिळून एक प्रभाग आणि तिसरी व चौथी मिळून दुसरा प्रभाग करा. इंडेक्स ०.३३ वर येतो. त्याऐवजी पहिली आणि तिसरी एका प्रभागात, दुसरी आणि चौथी दुसऱ्या प्रभागात घातली तर ०.४४. एकही माणूस हललेला नाही, एकही घर हललेले नाही, फक्त रेघा बदलल्या आणि ०.५६, ०.४४, ०.३३ असे तीन आकडे मिळाले.

आपल्याकडे तर या रेघा प्रत्येक निवडणुकीआधी बदलू शकतात. मुंबई महापालिकेच्या २२७ निवडणूक प्रभागांच्या सीमा एक, प्रशासकीय विभागांच्या दुसऱ्या आणि जनगणनेची विभागणी तिसरीच. दहा वर्षांत ‘विभागणी कमी झाली’ असे कोणी सांगू लागला तर त्याला आधी विचारावे की दोन्ही वेळच्या सीमा त्याच आहेत का.

हे नुसते गणिती खेळ नाहीत. २००१ च्या प्रभागनिहाय आकड्यांवरून देशातल्या सात मोठ्या महानगरांचा एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. वस्त्यांची विभागणी आर्थिक-सामाजिक स्थितीपेक्षा जातीनुसार जास्त आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. तो महत्त्वाचा होता, पण प्रभाग हेच एकक असल्यामुळे त्यातले आकडे कमीत कमीच धरायला हवेत. पुढे बंगळुरूच्या आयआयएममधील संशोधकांनी २०११ च्या प्रगणन गटांचे आकडे वापरले, तेव्हा प्रभागाच्या सरासरीखाली जातीची केवढी विभागणी झाकली जाते ते दिसून आले. देशभरातल्या सुमारे १५ लाख वस्त्यांवरचा सॅम आशेर, पॉल नोव्होसाद आणि सहकाऱ्यांचा अभ्यास त्याहून अलीकडचा. शहरांतले २६ टक्के मुस्लिम ज्या वस्त्यांत राहतात तिथे ८० टक्क्यांहून जास्त लोक मुस्लिमच आहेत आणि शहरांतल्या अनुसूचित जातींचे १७ टक्के लोक ज्या वस्त्यांत राहतात तिथे ८० टक्क्यांहून जास्त लोक अनुसूचित जातींचेच आहेत, असे त्यांना आढळले. धोरणाच्या दृष्टीने त्यांचा दुसरा निष्कर्ष अधिक बोचरा आहे. शाळा, दवाखाना, नळ, गटार यांच्या वाटपातला दुजाभाव वरच्या पातळीवरच्या आकड्यांत फारसा दिसत नाही. एकाच शहरातल्या शेजारशेजारच्या वस्त्यांची तुलना केली की दिसतो. म्हणजे प्रभागनिहाय तक्ता पाहून ‘वाटप समान आहे’ असे उत्तर देणारा अधिकारी खोटे बोलत नसतो, त्याच्या तक्त्यात ते दिसतच नसते.

महाराष्ट्रात अनुसूचित जातींची विभागणी मोजताना एक खास अडचण येते, आणि बाहेरचे अभ्यासक ती हमखास विसरतात. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्ध धर्म स्वीकारलेल्यांनाही अनुसूचित जातीत गणले जाते. पण त्यासाठी प्रगणकाला यादीतल्या जातीचे नाव सांगावे लागते. ‘बौद्ध’ हा धर्म नोंदवून जातीचा रकाना कोरा ठेवला, किंवा ‘नवबौद्ध’ एवढेच सांगितले, तर ती व्यक्ती अनुसूचित जातीच्या आकड्यात येत नाही. २०११ मध्ये महाराष्ट्रात ६५ लाख ३१ हजार बौद्ध होते. त्यांपैकी अनुसूचित जाती म्हणून नोंद झालेले सुमारे ५२ लाख. उरलेल्या तेरा लाखांतले सगळेच जण या कारणाने वगळले गेले असे म्हणता येणार नाही, पण फार मोठा भाग तोच असणार.

जात सांगायची नाही, ही १९५६ नंतरची एक विचारपूर्वक भूमिका आहे आणि तिला नाव ठेवण्याचे कारण नाही. विश्लेषणावर मात्र तिचा परिणाम होतो. ही गळती शहरभर सारखी पसरलेली नसते. जिथे आंबेडकरी चळवळ जोरात, तिथे ती जास्त. उत्तर नागपूरचे इंदोरा घ्या. तिथे अनुसूचित जातीचा आकडा प्रत्यक्षाहून कमी नोंदला जाण्याची शक्यता इतर भागांपेक्षा जास्त, आणि शेजारीच जरीपटका, फाळणीनंतर वसलेली सिंधी वसाहत. दोन्ही एका तुकड्यात घातली तर विभागणी दुहेरी पुसली जाते, एकदा नोंदीमुळे आणि एकदा सरासरीमुळे. उपाय म्हणजे ‘अनुसूचित जाती किंवा बौद्ध’ असा एकत्र रकाना, दोन्हींत मोजलेल्यांना एकदाच धरून. त्यासाठी धर्म आणि अनुसूचित जात यांचा एकत्रित तक्ता लहान पातळीवर हवा. आजवर तो राज्यपातळीवर सहज मिळतो, प्रभागाला नाही. या वेळी सर्वच जातींची नोंद होणार असल्याने प्रगणकांच्या प्रशिक्षणात हा मुद्दा स्वतंत्रपणे घेतला गेला पाहिजे.

‘प्रगणन गट जितका लहान तितके चांगले’ हेही मात्र सरसकट खरे नाही, आणि याचा उल्लेख न करता नुसती मागणी केली तर ती अर्धवट ठरेल. प्रगणन गटात साधारण दीडशे कुटुंबे, सहाशे ते आठशे माणसे असतात. एखादा समाज शहरात १ टक्का असेल तर प्रत्येक गटाच्या वाट्याला सरासरी दीड कुटुंब येते. समजा सगळी घरे चिठ्ठ्या टाकून वाटली, कुठलाही भेदभाव नाही. तरीही काही गटांत या समाजाचे एकही कुटुंब नसेल, काहींत एक, काहींत तीन-चार. एवढ्या निव्वळ योगायोगावर इंडेक्स ०.३३ च्या घरात जातो. म्हणजे एखाद्या छोट्या समाजासाठी ०.४० आला आणि मथळा झाला ‘तीव्र विभागणी’, तर त्यातला बहुतांश भाग हवेतलाच. म्हणून संगणकावर कुटुंबे यादृच्छिकपणे हजारेक वेळा वाटून पाहावीत, त्या वाटपांचा सरासरी इंडेक्स काढावा आणि प्रत्यक्षातला इंडेक्स त्याच्यापेक्षा किती जास्त आहे तेच सांगावे. माणसे न वाटता कुटुंबे वाटावीत, कारण कुटुंब एकत्रच राहते. माणसे सुटी सुटी वाटली तर योगायोगाचा हिस्सा कमी दिसतो आणि पुन्हा फसगत होते. वीस टक्के लोकसंख्येच्या समाजासाठी ही अडचण जवळजवळ उरत नाही.

दुसरी मर्यादा अशी की या इंडेक्सला शेजार कळत नाही. गरीब वस्त्या शहरभर विखुरलेल्या असोत की सगळ्या एका कोपऱ्यात दाटलेल्या, आकडा तोच येतो. पण मुलाला शाळेत जायला, बाईला कामाच्या ठिकाणी पोहोचायला पडणारा फरक मोठा असतो. त्यासाठी मोरान्स आय नावाचे माप आहे. शेजारच्या तुकड्यांची स्थिती एकमेकांसारखी आहे का हे ते सांगते. त्याचे सूत्र कोणतेही सॉफ्टवेअर चालवते. चूक होते ती ‘शेजारी’ ठरवण्यात. नकाशावर सीमा भिडली की शेजारी, असा नियम लावला जातो. मुंबईत रेल्वेचे रूळ, नाला, द्रुतगती मार्ग किंवा गृहसंकुलाची भिंत मध्ये असली की पन्नास मीटरवरच्या दोन वस्त्यांमध्ये वीस मिनिटांचे चालणे असू शकते. म्हणून सरळ रेषेतले अंतर न घेता पायी जाण्याच्या रस्त्याने मोजलेले अंतर घ्यावे, पादचारी पूल आणि भुयारी मार्गांसकट. आणि मानखुर्दचा शेजार महापालिकेच्या हद्दीवर तोडू नये. खाडीपलीकडे वाशी आहे आणि रोज हजारो लोक तो पूल ओलांडतात.

निर्देशक निवडतानाही डोळे उघडे हवेत. जनगणनेच्या घरयादीत घर पक्के की कच्चे, पाणी आवारात, जवळ की दूर (शहरात १०० मीटरच्या आत म्हणजे ‘जवळ’) हे विचारले जाते. नळ आवारात आहे एवढे कळते. तो दिवसाला किती तास येतो, कोणत्या दाबाने, हे कळत नाही. मुंबईत पाणीपुरवठ्याचे निकषच झोपडपट्टीसाठी माणशी ४५ लिटर आणि इमारतींसाठी १३५ लिटर असे राहिले आहेत. ‘नळ आहे’ या रकान्यात दोन्ही घरांना सारखीच खूण.

पक्क्या घराचे उदाहरण तर आणखी बोलके आहे. गोवंडीतील नटवर पारेख कंपाउंड आणि मानखुर्दमधील लल्लूभाई कंपाउंड या पुनर्वसन वसाहती. सिमेंटच्या इमारती, घरात शौचालय, नावावर खोली. झोपडपट्टीच्या यादीतून माणूस बाहेर. परंतु दोन इमारतींमधले अंतर जागोजागी जेमतेम तीन मीटर, खालच्या मजल्यांवर ऊन पोहोचत नाही, वारा फिरत नाही. क्षयरोगाचे प्रमाण आणि घरातला उजेड-वारा यांचा संबंध या वसाहतींवरच्या अभ्यासातून पुढे आला आहे. आकड्यांत मात्र ही माणसे ‘सुधारलेल्या’ बाजूला गेलेली असतात. २००१ मध्ये मुंबईतली निम्म्याहून अधिक लोकसंख्या झोपडपट्टीत होती, २०११ मध्ये ती ४२ टक्क्यांवर आली. या घटीतला किती भाग राहणीमान सुधारल्याचा आणि किती नुसता रकाना बदलल्याचा, हे झोपडपट्टीच्या टक्केवारीवरून कधीच उलगडणार नाही. त्यातच सरकारी यादीत नसलेली वस्ती जनगणना झोपडपट्टी म्हणून धरते ती किमान ३०० लोकवस्तीची किंवा ६०-७० कुटुंबांची सलग वस्ती. पुलाखालची, नाल्याकाठची वीस-पंचवीस घरे तिच्या बाहेर.

पुनर्वसन योजनेत एकाच भूखंडावर एकीकडे पुनर्वसनाची इमारत आणि दुसरीकडे खुल्या विक्रीचा टॉवर उभा राहतो. प्रभागाच्या आकड्यात हे ‘मिश्र वस्ती’चे आदर्श चित्र. प्रत्यक्षात दोन फाटके, दोन पत्ते, मध्ये भिंत, आणि पाण्याच्या टाक्याही वेगळ्या. इथे प्रगणन गट कामी येतो, कारण गट इमारतींनुसार पाडले जातात आणि दोन्ही इमारती बहुधा वेगवेगळ्या गटांत जातात.

नकाशा काढणाऱ्यांसाठी काही फुटकळ पण वारंवार घडणाऱ्या चुका. साक्षरतेचा दर काढताना साक्षरांना एकूण लोकसंख्येने भागू नये. सहा वर्षांपर्यंतची मुले आधी वजा करावीत, नाहीतर ज्या वस्तीत मुले जास्त ती आपोआप अडाणी ठरते. क्षेत्रफळ अंश-रेखांशाच्या फाइलवर मोजू नये, मीटरच्या प्रक्षेपात आणून मोजावे. मुंबई-पुण्यासाठी यूटीएम या प्रक्षेपपद्धतीचा ४३ उत्तर झोन चालतो, पण नागपूर ४४ मध्ये येते. राज्यभर एकच झोन ठोकून देण्याची चूक फार दिसते. नकाशात दर रंगवावेत. निव्वळ संख्या रंगवली की मोठा प्रभाग गडद दिसणारच. आणि रंगांचे टप्पे कुठे पाडले ते नकाशाखाली छापावे, कारण पाच समान अंतराचे टप्पे आणि पाच समान संख्येचे टप्पे यांत एकाच शहराची दोन वेगळी चित्रे निघतात. प्रभागांची नावे जुळवताना ‘एम/ई’, ‘एम पूर्व’, ‘एम ईस्ट’ अशी तीन रूपे तीन फाइलींत असतात. नावावर न जोडता संकेतांकावर जोडावे.

आता मागणी. १६ जून २०२५ च्या अधिसूचनेनुसार १ मार्च २०२७ हा जनगणनेचा संदर्भदिन आहे आणि घरयादीचा टप्पा २०२६ मध्ये. गणना मोबाइल अॅपवर होणार आहे, इमारतींचे स्थानही त्यावर टिपले जाणार आहे. आजवर प्रगणन गटाची सीमा म्हणजे प्रगणकाने हाताने काढलेला नजरी नकाशा. प्रमाण नाही, उत्तर दिशा अंदाजाने, आणि खूण म्हणून वडाचे झाड नाहीतर किराणा दुकान. संशोधकाला आकडे मिळाले तरी ते जमिनीवर कुठे बसवायचे हे कळत नसे. या वेळी सीमा डिजिटल असतील. त्या प्रसिद्ध करायला तांत्रिक अडचण उरत नाही.

अडचण गोपनीयतेची आहे आणि ती खरी आहे. १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ नुसार व्यक्तीची नोंद कोणालाही पाहता येत नाही. १९९२-९३ ची दंगल पाहिलेल्या शहरात गल्लीनिहाय धर्माचा नकाशा कोणाच्या हाती पडावा याचा विचार करायलाच हवा, आणि तो उघड्यावर टाकावा असे आम्हीही म्हणणार नाही. पण सगळेच बंद ठेवणे हा त्यावरचा उपाय नाही. इंग्लंड-वेल्समध्ये जनगणनेचे सर्वांत लहान प्रसिद्ध एकक किमान ४० कुटुंबे आणि १०० माणसांचे असते, म्हणजे आपल्या प्रगणन गटाहून लहान. तिथे नोंदींची थोडी अदलाबदल करून व्यक्तीची ओळख लपवली जाते. आपल्याकडे निरनिराळ्या विषयांना निरनिराळी पातळी ठेवता येईल. पाणी, शौचालय, गटार, खोल्यांची संख्या, वाहन, इंटरनेट ही घरयादीची माहिती प्रगणन गटानुसार सीमांसकट खुली करावी. त्यात कोणाला धोका नाही. अनुसूचित जाती, जमाती आणि साक्षरता याही गटानुसार द्याव्यात, दहापेक्षा लहान संख्या झाकून. धर्म आणि इतर जातींचे आकडे लागून असलेले दहा-पंधरा गट जोडून, म्हणजे सात ते दहा हजार लोकसंख्येच्या तुकड्यांनुसार द्यावेत. हा तुकडा मुंबईच्या निवडणूक प्रभागापेक्षा बराच लहान असतो. त्याहून बारीक माहिती विद्यापीठांतल्या बंदिस्त संगणक-कक्षात, बाहेर जाणारा प्रत्येक तक्ता तपासून.

हे तुकडे जोडताना ते आंधळेपणाने जोडू नयेत. शेजारच्या, आणि घरांच्या प्रकारात एकमेकांसारख्या गटांनाच जोडावे. पुनर्वसनाची इमारत आणि टॉवर एकाच तुकड्यात घातले तर सगळा खटाटोप वाया. आणि एकदा आखलेल्या या तुकड्यांच्या सीमा पुढच्या जनगणनेपर्यंत बदलू नयेत, निवडणुकीचे प्रभाग हवे तितक्या वेळा बदलोत. २०११ चा कोणता गट २०२७ च्या कोणत्या गटात गेला याची जुळणी-यादीही सोबत हवी. ती नसेल तर सोळा वर्षांतला बदल मोजण्यासाठी पुन्हा क्षेत्रफळाच्या प्रमाणात अंदाज बांधावा लागेल, आणि जिथे एका बाजूला टॉवर व दुसऱ्या बाजूला खाडी आहे तिथे तो अंदाज सर्वांत जास्त चुकेल.

आपल्या वार्ताहरांनी हे प्रश्न जनगणना संचालनालयाला आणि पालिकांच्या नगररचना विभागांना आताच विचारावेत: गटांच्या सीमा कोणत्या स्वरूपात साठवल्या जाणार, त्या प्रसिद्ध होणार का, आणि जुन्या नजरी नकाशांच्या प्रती कुठे आहेत. २०११ चे नकाशे स्कॅन करून ठेवलेले नसतील तर ते काम जुळणी-यादीच्या आधी करावे लागेल.

आपले,
नगररचना व भूगोल या विषयांचे काही अध्यापक
मुंबई, पुणे व नागपूर